फडक्यात अडकलेलं

मी पाणी आधी हुंगते, मग पिते. ही सवय मला सासरने, ठाण्यापुढच्या दिवा गावाने लावली. आमच्याकडे नळाला कधी पाणी येतं, कधी नुसता वारा येतो, आणि टँकर आलाच तर त्यातलं पाणी कुठून भरलंय हे टँकरवाल्याला न विचारलेलं बरं. म्हणून नळाच्या तोंडाला फडकं बांधायचं आणि रोज सकाळी ते सोडून आत काय अडकलंय ते बघायचं, हा माझा नेम. कधी गाळ, कधी गंज, कधी एखादा किडा. नवरा म्हणतो, लोक पेपरात भविष्य बघतात, आमची ही फडक्यात बघते. बोलू दे. आमच्या घरात आजवर कोणाला कावीळ झालेली नाही आणि ते काही त्याच्या विनोदांमुळे नव्हे.

न हुंगता पाणी मी एकाच ठिकाणी प्यायचे. माहेरी.

माहेर माझं खडवलीच्या पुढे, नदीपलीकडे. स्टेशनवरून टमटम मिळते, ती पूल ओलांडून एका वळणापर्यंत नेते आणि तिथे रस्ता संपतो. पुढे चढण. वर मूठभर घरांची वाडी, खालची आळी आणि वरची आळी अशी वाटलेली, दोन्ही आळ्या एकमेकींना पाण्यात बघणाऱ्या. मधोमध दगडी विहीर. लहानपणी आम्ही त्या विहिरीचंच पाणी प्यायलो. दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी दोन्ही आळ्या भांडण तेवढ्यापुरतं बाजूला ठेवून विहीर उपसायच्या, गाळ काढायच्या. त्या दिवशी विहिरीपाशी खिचडी शिजायची आणि आम्ही पोरं चिखलात लोळून मार खायचो. विहिरीच्या कठड्यावर चप्पल घालून कोणी चढलं तर म्हाताऱ्या बायका अंगावर धावून यायच्या.

मग नळ आला. नदीकाठी नवी विहीर खणली, तिथून मोटरने पाणी वरच्या टाकीत आणि टाकीतून घरोघरी. नळ आल्या दिवशी बायकांनी जुन्या विहिरीची ओटी भरली, तिच्याकडे पाहून डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडे पाठ फिरवली. कोणी कठड्यावर गोधड्या धुवायला लागलं. विहिरीच्या वरच्या अंगाला नवे संडास झाले, त्यांचे शोषखड्डे तिथेच खणले, कारण आता तिचं पाणी कोण पितंय? आणि वाडीभरचं निर्माल्य तिच्यात पडायला लागलं. निर्माल्य पायाखाली येऊ नये, पाण्यात सोडावं, हे सगळ्यांना ठाऊक. नदी लांब, उतरून जायचं, परत चढायचं. विहीर दारात. देवाची फुलं, दूर्वा, गणपतीचे हार, सगळं तिच्या पोटात. यात कोणाला काही गैर वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. पूजेनंतरची फुलं मी स्वतः आईच्या हातातून घेऊन तिच्यात टाकलेली आहेत.

त्या नळाची चावी माझ्या धाकट्या भावाकडे आहे. आमच्या बाजूला पाणी सोडणाऱ्याला चावीवाला म्हणतात. आधी ती चावी वरच्या आळीतल्या एकाकडे होती. त्याच्या हातून खालच्या आळीला पाणी कमी यायचं असा आमच्या लोकांचा संशय होता, म्हणून ग्रामसभेत मोठी वादावादी झाली आणि वायरमनचं काम शिकलेला माझा भाऊ चावीवाला झाला. वरची आळी तेव्हापासून त्याची चूक कधी होते याची वाट बघत होती. त्याने मात्र एक दिवस नळ कोरडा जाऊ दिला नाही. मला फोन करायचा तोही हेच सांगायला. तुमच्या दिव्यात आलं का पाणी, असं विचारून मुद्दाम हसायचा.

गेल्या मे महिन्यात त्याच्या मुलीचं उष्टावण होतं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली पोर, दोन खेपा भावजयीची कूस रिकामी झाल्यावर वाचलेली. सहा महिने आईच्या दुधावर होती, आता पहिला घास आणि पहिला घोट. बहुतेक ठिकाणी मामाने खीर भरवली की झालं. आमच्याकडे मामाने खीर भरवायची आणि आत्याने पाणी पाजायचं. पूर्वी आत्या त्यासाठी स्वतः विहिरीवर जाऊन पाणी शेंदून आणायची. नळ आल्यापासून आत्या नळावर जाते, पण पाणी त्याच वेळी भरलेलं, ताजं लागतं. तापवलेलं चालत नाही. उकळलं की पाणी मेलं, पोरीच्या ओठाला पहिल्यांदा जिवंत पाणी लागलं पाहिजे, असं आईचं म्हणणं. मी दिव्याहून उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली आणते म्हटलं, तर ती फोनवरच माझ्यावर उखडली होती.

मी सकाळी पोचले तेव्हा चढणीवरच गर्दी भेटली. आमच्या शेजारचे काका मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवलेले, मान खांद्यावर टेकलेली, आणि मागून काकी चालत. जुलाब थांबत नव्हते, कल्याणला न्यायचं ठरलं होतं. मी विचारलं, काय झालं? काकी म्हणाल्या, फणस बाधला. गरे खाऊन वर ढसाढसा पाणी प्यायले, किती सांगितलं पण ऐकतील तर ना. वाडीत आणखी चार घरी पोटं बिघडली होती, तिथेही फणसच. मे महिन्यात आमच्याकडे सगळ्या दुखण्यांना फणस नाहीतर ऊन जबाबदार असतं.

घरात पाय टाकला आणि आईने तांब्या पुढे केला.

“पानी पे आधी, मंग बोल.”

चढण चढून घसा सुकला होता. मी तांब्या उपडा केला, मग पुन्हा भरून घेतला. हुंगणं मनातही आलं नाही. माहेरचं पाणी ते.

दारात मांडव घातला होता. भावजय हिरव्या साडीत, तिच्या मांडीवर पोर, डोक्यावर भरपूर जावळ आणि चेहऱ्यावर सगळ्या वाडीचा हिशेब मागणारा भाव. मला बघून तिने माझ्या मंगळसूत्रालाच हात घातला. तिला घेऊन मी मांडवभर मिरवले, मग आईने हाक मारली की पोरीच्या वाटीसाठी ताजं पाणी लागेल, चांदीची वाटी घासून घे. मी वाटी घेऊन परसातल्या नळावर गेले. नळाला फडकं बांधलेलं होतं. ते मीच मागे कधीतरी बांधून गेले होते आणि आईने माझी चेष्टा करत का होईना, ठेवलं होतं.

हात सवयीने गाठीकडे गेला. फडकं सोडून उलटं केलं. आत हिरवट चिकट थर होता, त्यात कुजलेल्या पाकळ्यांचे तुकडे आणि कापसाचा एक पुंजका. मी तो बोटांनी सोडवला. चार मणी वळलेले, मधे चिमटलेले, एका टोकाला पिवळा डाग. देवाला वाहतात ते कापसाचं वस्त्र.

वस्त्रं सगळ्याच घरांत करतात आणि त्यांना कुंकू लावतात. आमची आई हळद लावते. वडील गेले तेव्हापासून. तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच ठरवलं, आणि मी किती वेळा वाद घातला तरी ऐकलं नाही. पूर्ण वाडीत हळदीच्या टोकाचं वस्त्र एकाच देव्हाऱ्यात असतं आणि दुसऱ्या दिवशी ते जुन्या विहिरीत जातं. नदीत जात नाही.

तांब्याभर पाणी माझ्या पोटात होतं. त्याची मला एकदम जाणीव झाली. पण त्याहून वाईट म्हणजे हातात चांदीची वाटी होती.

भाऊ विहिरीपाशीच सापडला. कठड्याआड, करवंदीच्या जाळीत लपवलेली छोटी मोटर, तिचा एक पाईप विहिरीत आणि दुसरा सरळ नळाच्या लाईनला जोडलेला. विहिरीत पाणी अगदी तळाला, काळपट, वर सुकल्या हारांची साय. मोटरच्या पाईपाच्या तोंडाला जाळी असते, ती गंजून गेलेली असणार. मला बघून तो आधी हसला. मग माझ्या मुठीतलं फडकं बघून हसायचा थांबला.

तो सांगत गेला ते असं. नदीवरची मोटर जळाली होती. ती त्याने कल्याणला वाइंडिंगला टाकली होती, आणि तो माणूस आज देतो, उद्या देतो करत होता. घरात कार्य, पाहुणे येणार, खुद्द चावीवाल्याच्या दारात नळ कोरडा. खाली रस्त्यावर हापसा आहे, पण वाडीच्या बायका हंडे घेऊन खाली उतरल्या असत्या तर वरच्या आळीला आयतंच मिळालं असतं. त्याने ही जुनी मोटर कोणाकडून तरी आणली आणि पहाटे कोणी नसताना जोडून टाकली. चारच दिवसांचा प्रश्न आहे असं त्याला वाटलं होतं. त्याचे आता जास्त दिवस झाले होते.

“ब्लिचिंगची पावडर टाकलेली मी,” तो म्हणाला.

“किती?”

“टाकलेली गं.”

“लोकांना सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर कोणी प्यायलं असतं का?”

हे तो बोलून गेला. वारा पडला होता, मांडवातून भांड्यांचे आवाज येत होते. मी काकांचं नाव काढलं. तो चटकन म्हणाला, त्यांनी फणस खाल्ला होता. त्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं की हे त्याने स्वतःला बरेचदा सांगितलं आहे आणि प्रत्येक वेळी थोडं कमी पटलं आहे.

मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली, लहानपणी द्यायचे तशी. आणि त्याच क्षणी त्याची कीवही आली. वाडीत त्याला पहिल्यांदाच कोणीतरी किंमत देत होतं. चावी हातात आल्यापासून त्याची चाल बदलली होती, ते मी पाहिलं होतं. तो म्हणाला, जेवणं उरकू दे ताई, संध्याकाळी मीच सगळ्यांना सांगतो, तुझ्या भाचीची शपथ. मी म्हटलं, तिची शपथ घेऊ नकोस, तिचं नाव तर अजिबात घेऊ नकोस. आणि मोटर बंद करायला लावून मी तिथून निघाले.

मोटर बंद झाली तरी पाणी भरून झालेलं होतं. मांडवात निळं पिंप काठोकाठ, त्यावर वाळ्याची जुडी तरंगत होती आणि पोरं पेले बुडवून पीत होती. आत ताकाचा हंडा तयार होता. तेही त्याच पाण्यात घुसळलेलं. भात, वरण, खीर यांचं काही नव्हतं, सगळं उकळलेलं. पण ताक, कोशिंबीर, पिंप. माझं डोकं दुकानदारासारखं चालायला लागलं, काय वाचेल, काय टाकावं लागेल.

मी स्वयंपाकघरात आईला गाठलं आणि तळहात तिच्यापुढे उघडला. तिने पुंजका बघितला. हळदीचं टोक बोटाने चाचपलं. तिला समजावून सांगावं लागलं नाही. आमची आई शाळेत गेलेली नाही, पण स्वतःच्या हातचा कापूस तिला ओळखू येतो. तिने खिडकीतून विहिरीकडे पाहिलं, मग मांडवाकडे, आणि मला वाटलं आता ही बाहेर जाऊन ओरडेल. ती माझ्या कानाशी आली.

“आज बोलू नको. पोरीपुरतं पानी मी उकळून ठेवते. बाकीची तेच पितायत इतकं दिस.”

आईचा मला असा राग कधी आला नव्हता. उकळलेलं पाणी मेलेलं म्हणणारी बाई चुलीवर पातेलं चढवायला निघाली होती. म्हणजे तिला सगळं समजलं होतं, किती घातक ते समजलं होतं, आणि तरीही ती नातीपुरती वाट काढून मोकळी होत होती. बाकीच्यांची पोरं पोरं नव्हती का? मी हे तिला म्हटलं. ती म्हणाली, एकदा का त्याचं नाव गेलं तर तो या वाडीत मान वर करून राहणार नाही, तू संध्याकाळी दिव्याला निघून जाशील. हे खरं होतं. मला निघून जायची सोय होती, म्हणून माझं खरं बोलणं स्वस्त होतं. तिने हे बोलून पातेलं चढवलं.

बाहेर येऊन मी पिंपावर झाकण टाकलं आणि त्यावर चक्क बसले. दुसरं काही सुचलं नाही. नवी साडी, हातात चांदीची वाटी, आणि पिंपावर बसलेली आत्या. पोरं पेले घेऊन आली तर मी त्यांना सांगितलं, हे पाणी हात धुवायचं आहे. वरच्या आळीतली एक बाई म्हणाली, दिव्यात पाणी मिळत नाही ना, म्हणून ही आली की पाण्यावरच बसते. सगळे हसले. मीही हसले. पोटात पिळा पडत होता. तो भीतीचा होता की पाण्याचा, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. भावजय लांबून माझ्याकडे बघत होती. मला काहीतरी झालंय हे तिला कळलं होतं, पण मांडीवर पोर आणि भोवती बायका, ती उठणार कशी?

खीर आली. पाटाभोवती रांगोळी, पाटावर मामा, मामाच्या मांडीवर पोर. त्याने अंगठीने खीर तिच्या जिभेला लावली. तिने आधी तोंड वाकडं केलं, मग अंगठीच चावायला गेली. मांडव खदखदून हसला. “आत्या, पाणी,” कोणीतरी म्हणालं. आई आतून आली आणि तिने माझ्या हातातली वाटी घेण्यासाठी हात पुढे केला. तिच्या दुसऱ्या हातात गार केलेल्या पाण्याचा पेला होता. मी वाटी दिली नाही.

मी पिंपावरून उतरले, झाकण काढलं आणि वाटी त्यात बुडवून भरली. भाऊ मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. सगळ्यांच्या मधून चालत मी त्याच्याकडे गेले आणि वाटी त्याच्यापुढे धरली.

“आज तू पाज.”

बायका कुजबुजल्या. आत्याचा मान बापाला कसा? कोणी म्हणालं, शहरात राहून हिचं भलतंच काहीतरी. भावाने वाटी घेतली, कारण सगळे बघत होते. तो पाटापाशी गेला आणि गुडघ्यावर बसला. पोरीने बापाला बघून दोन्ही हात पुढे केले. तिला वाटी हवी होती, तिला चमकणारं सगळंच हवं असतं.

ते पाणी मी तिच्या ओठांपर्यंत जाऊ दिलं नसतं. त्याच्या मागे हातभर अंतरावर मी उभी होते, वाटी उडवायच्या तयारीत. हे मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. पोरीची बोटं वाटीच्या काठाला लागली आणि तिने ती तोंडाकडे ओढली. त्याने हात मागे घेतला. तिने पुन्हा ओढली. चिडून रडायला लागली. मांडवातला आवाज हळूहळू थांबत गेला, कारण बाप आपल्या लेकीला पाणी का देत नाही हे कोणाला कळेना.

त्याने वाटी जमिनीवर ओतली. मातीने पाणी लगेच शोषून घेतलं.

“हे पाणी पिऊ नका कोणी,” तो म्हणाला. मान खालीच होती. “जुन्या विहिरीचं आहे. मी सोडलंय.”

मला वाटलं होतं भांडण होईल. वरची आळी तुटून पडेल. पण जो तो आधी आपण काय काय प्यायलो ते आठवू लागला. मग काकी बोलल्या. काकांना मोटरसायकलवर बसवून देऊन त्या कार्याला म्हणून परत आल्या होत्या, घरी एकट्या बसून जीव घाबरा होतो म्हणून.

“म्हंजे आमच्या म्हाताऱ्याला फणस बाधला न्हाय.”

एवढंच. आवाज चढवलाही नाही. भाऊ पाटापाशी तसाच बसून राहिला आणि मग लहान मुलासारखा रडला. भावजयीने पोर उचलून छातीशी घेतली आणि त्याच्याकडे बघितलं नाही. आई आत निघून गेली. मी जे केलं ते बरोबर केलं होतं आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही. आपल्याच भावाला मी त्याच्याच मांडवात उघडं पाडलं होतं.

नंतर जे झालं ते अगदी साधं झालं. ताक ओतून टाकलं, पिंप उपडं केलं. वरच्या आळीतल्या त्याच बाईने, जिने मला हसून घेतलं होतं, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि हंडा उचलला. तिच्या मागे दुसरी. मग सगळ्याच. भर दुपारी कार्याच्या साड्या नेसलेल्या बायका चढण उतरून हापशावर गेल्या आणि भरले हंडे घेऊन वर आल्या. वाटेत त्यांनी माझ्या भावाला मनसोक्त शिव्या दिल्या. मी त्यांच्यात होते, ऐकत होते, मधेमधे दोन माझ्याही घालत होते. भात गार झाला होता. तो कोणी फारसा खाल्ला नाही.

पोरीला त्या दिवशी पाणी पाजलंच नाही. आईचा उकळलेला पेला ओट्यावर तसाच राहिला.

काका कल्याणच्या दवाखान्यातून परत आले, पण आले ते निम्मे होऊन. अजून काठी घेऊन चालतात. त्यांची वाट बघण्याच्या दिवसांत आमच्या घरात कोणी कोणाशी बोललं नाही म्हणे. मला हे भावजयीकडून कळलं, भाऊ माझा फोनच घेत नव्हता. मी दिव्यात अंथरुणावर पडून होते, सलाईन लावायची वेळ आली. नवऱ्याने एकही विनोद केला नाही, यावरून माझी अवस्था समजावी. पोर ठणठणीत होती. मी भावजयीला रोज एवढंच विचारायचे, पोर ठीक आहे ना, आणि फोन ठेवायचे.

पावसाच्या आधी दोन्ही आळ्यांनी जुनी विहीर उपसली. मी गेले होते. आतून जे निघालं ते सांगण्यासारखं नाही, आणि सगळंच आमचं होतं. आई कठड्यापासून लांब दगडावर बसली होती. गाळाच्या प्रत्येक पाटीत ती डोकावून बघत होती आणि तिचे पिवळ्या टोकाचे पुंजके निघत होते, कुजून लगदा झालेले. आता तिचं निर्माल्य परसात पेरूच्या बुंध्याशी खड्ड्यात जातं. वस्त्राला ती अजून हळदच लावते. त्यावर मी वाद घालत नाही.

चावी भावाकडून काढून घेणार असं मला वाटलं होतं. ग्रामसभेत वरच्या आळीने तसं मांडलंही. तेव्हा काकी उठल्या. त्या त्याच्या बाजूने बोलल्या असं कोणी समजू नये, त्या आजही त्याच्या हातचा चहा घेत नाहीत. त्या म्हणाल्या, दुसऱ्याला दिली तर तो काय करेल ते ठाऊक नाही, ह्याला निदान एकदा लेकीच्या तोंडापासून वाटी मागे घेताना सगळ्यांनी बघितलंय. चावी त्याच्याकडेच राहिली. मात्र एक नवी रीत पडली, आणि ती कोणी ठरवून पाडली नाही.

परवा मी माहेरी गेले होते, राहिले. सकाळी भाऊ चावी घेऊन निघाला. माझ्याशी तो अजून मोजकंच बोलतो. मी त्याच्या मागे गेले. आता मोटर नदीचीच आहे, टाकीत पावडर पडते, तपासणीला बाटली जाते. त्याने चावी फिरवली, आधी आपल्या दारातला नळ सोडला. मग आतून ती चांदीची वाटी घेऊन आला. पोर आता धावते. ती त्याच्या पायाला येऊन भिडली, त्याने वाटी भरली, स्वतः हुंगली. तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. आधी तो प्यायला आणि मग तिला दिली. तिने अर्धी प्यायली, अर्धी अंगावर सांडली.

आळीत बायका हंडे घेऊन आपापल्या नळापाशी उभ्या होत्या. नळ चालू होते, पाणी जमिनीवर वाहत होतं, आणि एकीनेही हंडा खाली लावलेला नव्हता. शेजारच्या दारातून काकींची हाक आली, रोज येते तशी.

“लेकीला पाजलंस का रं?”

“पाजलं काकी,” तो म्हणाला.

मग सगळ्यांनी हंडे लावले.